मनालीचे पैसे, दाभोळची मशीद

दाभोळच्या जेटीवर सकाळी सकाळी बर्फाचा टेम्पो येतो. त्यातून बर्फाच्या लाद्या उतरतात, मशीनमध्ये जातात आणि पलीकडून पांढरा चुरा होऊन बाहेर पडतात. तो चुरा टोपल्यांतून होड्यांवर चढतो. जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही दोघं कठड्याला टेकून हे बघत होतो. नवऱ्याने वाकून मूठभर चुरा उचलला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "घे. मनाली."

तो गमतीत म्हणाला होता. पण पुढचा तासभर मी त्याच्याशी बोलले नाही.

हे समजायचं तर आधी पैशांचं सांगायला हवं. माझ्या आईने पोस्टात आरडी उघडली होती. महिना हजार रुपये, पाच वर्षं. एजंट बाई दर महिन्याला घरी यायच्या, चहा घ्यायच्या, हजार रुपये न्यायच्या. आरडीच्या कार्डाला आईने एक चिठ्ठी टाचून ठेवली होती आणि तिच्यावर एकच शब्द होता: मनाली. आईला बर्फ बघायचा होता. फ्रीजमधला नाही, डोंगरावरचा. मी नोकरीला लागल्यावर दर उन्हाळ्यात म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." मग माझं लग्न, मग लॉकडाउन, मग फ्लॅटचं कर्ज. आणि मग आईच गेली. शेवटचे सात हप्ते मी भरले, कारण कार्डावर नॉमिनी म्हणून माझं नाव होतं आणि मधेच मोडणं मला जमेना. मुदत संपल्यावर हातात आले ६९,६९७ रुपये.

ते माझ्या बचत खात्यात पडून आहेत. दरम्यान नवऱ्याची नोकरी गेली, तीन महिने तो घरी होता, मग कमी पगाराची दुसरी मिळाली. त्या तीन महिन्यांत घर क्रेडिट कार्डावर चाललं. कार्डावर ५८ हजारांची थकबाकी झाली आणि तिच्यावर महिना साडेतीन टक्के व्याज चढायला लागलं. म्हणजे वर्षाला ४२ टक्के. बचत खात्यातल्या पैशांवर मला वर्षाला तीन टक्केसुद्धा मिळत नव्हते. आकडेमोड शाळेतल्या पोरालाही जमेल अशी आहे. नवऱ्याने ते पैसे कधी मागितले नाहीत. पण आमच्या घरात ते पैसे एखाद्या पाहुण्यासारखे बसलेले होते, ज्याला ऊठ म्हणता येत नाही आणि ज्याच्यासमोर मोकळेपणाने बोलताही येत नाही.

अशा अवस्थेत लोक फिरायला जातात का? आम्ही गेलो. खरं सांगायचं तर भांडून गेलो. "कार्डाचं बिल भरलं नाहीये आणि वीकेंड काय करायचाय?" असं मी म्हणाले, आणि "बिल भरलं नाहीये म्हणूनच करायचाय," असं तो म्हणाला. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून, माणगाव, मंडणगड, दापोली करत दाभोळ. दापोलीपासून दाभोळ तीसेक किलोमीटर. घरगुती सोय होती, खोली स्वस्त होती आणि समोर वाशिष्ठी नदी होती. दाभोळला समुद्रकिनारा असा नाही, त्यामुळे वीकेंडवाली गर्दी मुरूड-हर्णैला किंवा पलीकडे गुहागरला जाते. दाभोळला लोक मुख्यतः गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे धोपाव्याला जाण्यापुरते थांबतात.

पण एके काळी लोक इथे येण्यासाठी निघत. चिपळूणहून वाशिष्ठी खाली येते आणि दाभोळपाशी समुद्राला मिळते. वर घाटातून देशावरचा माल चिपळूणपर्यंत उतरायचा, तिथून होड्यांनी दाभोळला, आणि दाभोळहून जहाजांनी इराण-अरबस्तानाकडे. उलट दिशेनं घोडे यायचे. बहमनी आणि नंतर आदिलशाही फौजांना जे घोडे लागायचे त्यातले कितीतरी या बंदरात उतरले. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ मध्ये चौलला उतरला, काही वर्षं बिदर आणि आसपास फिरला आणि परतीच्या वाटेवर निघाला तो दाभोळवरून. मॉस्कोच्याही पलीकडच्या त्वेर गावचा माणूस या खाडीत जहाजात चढला, हे जेटीवर वडापाव खाताना आठवलं की जरा गंमत वाटते.

जेटीपासून चालत थोड्या अंतरावर एक मशीद आहे. शाही मशीद, मा साहेबा मशीद, काही लोक अंडा मशीदही म्हणतात. उंच जोत्यावर, दगडी, चार मिनार आणि मोठा घुमट. काळ साधारण १६५९-६० च्या सुमारासचा. एवढ्याशा गावात एवढी इमारत पाहून कुणीही विचारतं, ही इथे कशी? आणि मग गावातला माणूस गोष्ट सांगतो. आम्हाला ती चहाच्या टपरीवर एका आजोबांनी सांगितली; नंतर मी पाहिलं तर थोड्या फरकाने सगळीकडे तीच आहे.

विजापूरची एक शाहजादी होती. आयेशाबी. तिला हजला जायचं होतं. बरोबर भरपूर पैसा, घोडेस्वार, लवाजमा घेऊन ती दाभोळला आली. पण पुढे जाता येईना. कुणी म्हणतं वारा अनुकूल नव्हता, कुणी म्हणतं समुद्रात चाचे होते, कुणी म्हणतं शिवाजी महाराजांचा दरारा होता. काळ पाहिला तर शेवटचं कारण अगदीच अशक्य नाही. अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा, आणि त्यानंतर मराठ्यांच्या फौजा कोकणात उतरल्या. शाहजादी अडकली. हजसाठी काढलेले पैसे तसेच होते. ते परत विजापूरला न्यायचे, की काय करायचं? तिने काझी-मौलवींना विचारलं. ते म्हणाले, धर्मकार्यासाठी काढलेले पैसे आहेत, धर्मकार्यातच जाऊ द्या. तिने इथे मशीद बांधली.

हे सगळं असंच घडलं का, हा इतिहासकारांचा प्रश्न. मला त्या टपरीवर बसून भलताच प्रश्न पडला. मक्केला जाण्याचे पैसे दाभोळच्या मशिदीत घातले, तर ते त्याच कामी लागले का? काझी म्हणाले हो. पण शाहजादीला रात्री झोप लागली असेल का?

नवरा म्हणाला, "बघ, तिनेही बदललं."

मी म्हणाले, "तिचे स्वतःचे होते. माझे माझे नाहीत."

तेव्हापासून दोन दिवस आम्ही याच एका गोष्टीवर वाद घातला. फेरीबोटीत, जेवताना, आणि सुरमईच्या थाळीची किंमत बघून पुन्हा नव्याने. तो वादच इथे लिहिते आहे, कारण मला वाटतं असे पैसे किंवा पैशांसारखं काहीतरी बहुतेक घरांत असतं. वडिलांनी गावच्या घरासाठी ठेवलेले. आजीच्या पाटल्या, ज्या नातसुनेलाच द्यायच्या होत्या. मेलेल्या माणसाने एखाद्या गोष्टीवर नाव लिहून ठेवलं, तर ते पुसायचा अधिकार कुणाला?

अर्थशास्त्राला विचाराल तर उत्तर सोपं आहे. रुपयावर नाव नसतं. रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी दाखवलं की माणसं डोक्यात पैशांचे वेगवेगळे डबे करतात आणि एका डब्यातला पैसा दुसऱ्यात घालत नाहीत, मग त्यात नुकसान झालं तरी. एका हाताने ४२ टक्क्यांचं कर्ज आणि दुसऱ्या हातात तीन टक्क्यांची बचत धरून बसलेली मी म्हणजे त्यांच्या पुस्तकातलं उदाहरणच. पण आमच्या आयांनी या डब्यांवरच संसार केले. डाळीच्या डब्यातले पैसे फीचे, साडीच्या घडीतले आजारपणाचे. डबे मोडले असते तर फी भरली गेली नसती. पैशाला नाव देणं हा वेडेपणा असेलही, पण हाती कमी असलेल्या माणसाकडे स्वतःला आवरायची तीच एक युक्ती असते. तेव्हा थेलर साहेबांना नमस्कार करून पुढे जाऊ.

कायद्याने याचा विचार वेगळ्या अंगाने केला आहे. कुणी एखाद्या कामासाठी ट्रस्ट करून गेला आणि पुढे ते काम अशक्य झालं, तर काय? समजा कुणी गावच्या प्लेगच्या रुग्णांसाठी पैसे ठेवले आणि प्लेगच उरला नाही. आपल्याकडच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात ५५ वं कलम आहे. अशा वेळी न्यायालय त्या मालमत्तेचा वापर मूळ हेतूच्या शक्य तितक्या जवळच्या कामाकडे वळवू शकतं. या तत्त्वाचं नावच मुळी जुन्या फ्रेंचमधलं आहे, सी प्रे, म्हणजे 'तितकं जवळ'. मला हे फार आवडलं. मेलेल्याचं म्हणणं अक्षरशः पाळता येत नसेल तर जवळात जवळचं करा. शाहजादीच्या काझींनी जवळपास हेच सांगितलं. पण आईच्या बर्फाच्या जवळचं काय? मी एकटी मनालीला जाऊन यायचं? बाबांना पाठवायचं, ज्यांना थंडीचा त्रास आहे? की जेटीवरच्या बर्फाच्या चुऱ्यात हात घालायचा?

दुपारी आम्ही चंडिकादेवीच्या देवळात गेलो. ते जमिनीखाली आहे, खडकात. वाकून आत उतरावं लागतं आणि आत विजेचा दिवा नाही, फक्त तेलाच्या समया. पहिल्या दोन मिनिटांत काहीच दिसत नाही. मग हळूहळू देवीचे डोळे दिसतात. बाहेर एक काकू ओटीचं सामान लावत होत्या. नवस फेडायला आल्या होत्या. मी सहज विचारलं, "काकू, नवसाला साडी बोलली आणि नंतर पैसे दिले तर चालतं का?"

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी बिल बुडवायला निघाले आहे. "जे बोललीस तां द्यायचां. देवी काय दुकानदार आसा?"

मला वाटतं त्या काकूंनी जे सांगितलं ते मीमांसकांनी दोन हजार वर्षांपूर्वी सांगितलं होतं, जरा पसरट करून. जैमिनीच्या सूत्रांत एक पूर्ण चर्चा 'प्रतिनिधी' या विषयावर आहे. यज्ञाला लागणारी वस्तू मिळाली नाही तर दुसरी चालते का? चालते. सोम मिळाला नाही तर पूतीक नावाची वनस्पती. तांदूळ मिळाला नाही तर नीवार, म्हणजे रानटी भात. द्रव्याला पर्याय आहे. पण काही गोष्टींना पर्याय नाही. ज्या देवतेसाठी यज्ञ, ती बदलता येत नाही. अग्नी बदलता येत नाही, मंत्र बदलता येत नाही. आणि ज्याचा यज्ञ आहे, ज्याला फळ हवं आहे, तो माणूसही बदलता येत नाही.

पुढे धर्मशास्त्रकारांनी व्रतांच्या संदर्भात आणखी एक भेद केला. दापोलीत शाळा शिकलेल्या पां. वा. काण्यांनी आयुष्य घालून लिहिलेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात असल्या चर्चांचा समुद्र आहे. भेद असा: जे कर्तव्य म्हणून करायचं, नित्य किंवा नैमित्तिक, ते तुम्हाला जमत नसेल तर तुमच्या वतीनं मुलगा, बायको, भाऊ करू शकतो. पण जे इच्छेपोटी करायचं, काम्य, त्याला प्रतिनिधी नाही.

मी हे नवऱ्याला फेरीबोटीत सांगत होते. डिझेलच्या आवाजात मोठ्याने सांगावं लागत होतं, आणि शेजारचा बाईकवाला कान देऊन ऐकत होता. इस्लाममध्ये साधारण असंच दिसतं. ज्याला झेपतं त्याच्यावर हज फर्ज, आणि वाट सुरक्षित असणं हा त्या झेपण्याचाच भाग. फर्ज झालेला माणूस न जाता वारला तर त्याच्या वतीनं दुसऱ्याला पाठवता येतं, हज-ए-बदल म्हणतात त्याला. म्हणजे शाहजादीचं कर्तव्य होतं, म्हणून त्याला वाटा होत्या: दुसऱ्याला पाठवा, थांबा, मशीद बांधा. कर्तव्य दुसऱ्याच्या खांद्यावर देता येतं. आईचं कर्तव्य नव्हतं. बर्फ बघणं कुणी कुणावर फर्ज केलेलं नाही. आईला नुसता हवा होता तो.

"म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे तिच्या वतीनं कुणीच जाऊ शकत नाही. मी मनालीला गेले तरी ते माझं मनाली. तिचं संपलं."

हे बोलून मी स्वतःच गप्प झाले. चौदा महिने मी ते पैसे राखत होते ते आईची इच्छा राखतेय असं समजून. पण इच्छा तिच्याबरोबर गेली होती. मी राखत होते ते 'पुढच्या वर्षी नक्की'. ते माझं होतं. पैसे खर्च झाले असते तर माझी चूक पुसली गेली असती, आणि ती पुसायला मी तयार नव्हते. अपराधीपणालाही एक ऐट असते. आपण फार प्रेमळ आहोत असं वाटत राहतं.

मग तर प्रश्न सुटला, नाही का? इच्छा संपली, पैसे मोकळे, कार्ड भरा. पटकन पटण्यासारखं आहे. पण दाभोळमध्येच दुसरी एक गोष्ट घडून गेली आहे, जी मला तसं म्हणू देईना.

फ्रांसिस्को द अल्मेडा हा पोर्तुगिजांचा हिंदुस्थानातला पहिला व्हाइसरॉय. त्याचा मुलगा लोरेंसू मार्च १५०८ मध्ये चौलला इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना मारला गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अल्बुकर्क कण्णूरला येऊन राजाचा हुकूम दाखवत होता की आता कारभार माझ्याकडे द्या. अल्मेडाने नकार दिला. मुलाचा सूड घेतल्याशिवाय नाही. राजाची जहाजं, राजाचे सैनिक, मिरी-मसाल्याच्या व्यापारासाठी समुद्र ओलांडून आलेली ती सगळी ताकद त्याने बापाच्या दुःखाकडे वळवली. १५०८ च्या शेवटच्या दिवसांत तो दाभोळला उतरला. दाभोळने त्याच्या मुलाला मारलं नव्हतं. ते वाटेवर होतं आणि शत्रूच्या बाजूचं मानलं गेलं होतं. त्याने गाव जाळलं, बायका-मुलांसकट माणसं मारली. पोर्तुगीज बखरकारच लिहून ठेवतात की पुढे लोक शाप द्यायचे, दाभोळवर जसा फिरंग्यांचा कोप झाला तसा तुझ्यावर होवो. मग फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवची लढाई जिंकून त्याचा सूड पुरा झाला. कारभार सोडून घरी जाताना आफ्रिकेच्या टोकाशी, किनाऱ्यावरच्या चकमकीत तो स्वतः मेला.

मला माहीत आहे, ६९ हजार रुपयांच्या आरडीशेजारी ही कत्तल ठेवणं बेढब आहे. पण बघा, शाहजादी आणि अल्मेडा, दोघांनीही एका कामासाठी दिलेलं दुसरीकडे वळवलं. एकीच्या वळणातून मशीद झाली, दुसऱ्याच्या वळणातून राख. दोघांमधला फरक फक्त परिणामाचा नाही. शाहजादीने विचारलं. ज्यांना त्या पैशांच्या हेतूबद्दल काही म्हणायचा अधिकार होता अशा लोकांना विचारलं आणि त्यांचं ऐकलं. अल्मेडाने ज्यांना विचारायचं त्यांच्या तोंडावर दार लावलं. आपलं दुःख आपल्याला सगळं माफ करतं असं त्याला वाटलं असावं. माणसाला फार दुःख झालं असेल किंवा फार गरज असेल, तेव्हा 'हा हेतू आता संपला' हे ठरवायला तोच सर्वांत वाईट न्यायाधीश. मला दुःख होतं, आमच्या दोघांना गरज होती. मग मी कुणाला विचारलं होतं?

संध्याकाळी जेटीवर पलीकडचे दिवे लागले. पलीकडे गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला तो वीजप्रकल्प आहे, एन्रॉनवाला. ज्याला सगळा देश 'दाभोळ' म्हणून ओळखतो तो दाभोळात नाहीच. मोर्चे निघाले, खटले झाले, २००१ मध्ये तो बंद पडला, पुढे दुसऱ्या कंपनीच्या नावाने चालू झाला, आणि या सगळ्यात अलीकडच्या किनाऱ्यावरच्या या गावाचं नाव उगाचच बदनाम झालं. नवरा म्हणाला, "नाव इथलं, माल तिथला." मी हसले. दुसऱ्या दिवशी त्या वाक्याला काय अर्थ येणार आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

रविवारी परत निघालो. दापोलीला चांगली रेंज आली तेव्हा मी मावशीला फोन लावला. गाडीच्या स्पीकरवर. आईची धाकटी बहीण, आईच्या पोटातलं सगळं जिला माहीत. म्हटलं, मावशी, आईच्या त्या मनालीच्या पैशांचं काय करू? कार्ड थकलंय, ते भरायला वापरले तर तिला काय वाटलं असतं?

मावशी आधी गप्प. मग म्हणाली, "अगं, मनाली कसली. ते नाव होतं."

"म्हणजे?"

"तुझे बाबा मागायचे ना. कधी स्कूटरला, कधी त्यांच्या मित्राला उसने. वाईट नाहीत गं ते, पण समोर पैसा दिसला की मागणार. ताई म्हणायची, नुसते साठवलेत म्हटलं की ते देऊन टाकावे लागतात. मनालीला जायचंय म्हटलं की जरा लाजतात. बर्फ बघायचा होता म्हणा तिला, टीव्हीवर बघितला की म्हणायची. पण ते पैसे तिला फक्त असायला हवे होते. तिच्या नावाचे."

फोन ठेवल्यावर गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मंडणगडच्या अलीकडे नवऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "मग नकोच."

त्याला कळलं होतं. मलाही. नवऱ्याच्या हातात पडू नयेत म्हणून आईने ज्या पैशांना कुलूप लावलं, ते मी नवऱ्याच्या थकबाकीत भरणार होते. थकबाकी माझीही होती, घर दोघांचं होतं, किराणा मीही खाल्ला होता, हे सगळं खरं. तरी.

आणि गंमत बघा, चौदा महिने ज्या हेतूचा मी मान राखत होते तो हेतू मी एका चिठ्ठीवरून स्वतःच लिहिला होता. खरा हेतू अगदी जवळ होता, मी आईला कधी विचारला नव्हता. तिने तो मुद्दाम लपवला होता हे धरूनसुद्धा, थोडं बारकाईने बघितलं असतं तर दिसला असता. बाबांनी मागितलं की आई दोन दिवस गप्प असायची, हे मी बघितलं होतं. मृतांच्या इच्छेबद्दल आपण इतक्या खात्रीने बोलतो, कारण ते खोडून काढायला येत नाहीत. आयेशाबी नावाच्या बाईलाही खरंच हजला जायचं होतं, की तिला विजापूरहून लांब कुठेतरी जायचं होतं, कुणी सांगावं? गावाने तिला एक हेतू देऊन टाकला आहे आणि तो मशिदीएवढा मजबूत आहे.

पण नवा हेतू कळला म्हणून प्रश्न सुटला नाही, उलट अवघड झाला. बर्फ बघण्याला प्रतिनिधी नव्हता. 'स्वतःचे पैसे असणं', त्याला आहे का? आई नाही, पण मी आहे, आणि नॉमिनी म्हणून तिने माझं नाव घातलं, बाबांचं नाही. ते नाव घालताना तिच्या मनात काय होतं याबद्दल आता मी पैज लावणार नाही. पण सगळ्यांत जवळचं, कायद्याच्या भाषेत 'तितकं जवळ', काही असेल तर ते हे असावं की ते पैसे माझे असावेत आणि मला नाही म्हणता यावं. आणि ज्याला नाही म्हणता येतं त्याला हो सुद्धा म्हणता येतं, असं नवऱ्याने ताम्हिणीत चहा पिताना सुचवलं. मी म्हटलं, हे तुझ्या फायद्याचं आहे म्हणून सुचतंय. तो म्हणाला, हो, पण म्हणून चूक आहे का? त्यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही पूर्ण सुचलेलं नाही.

मग आम्ही व्यवहार केला. मी त्याला ५८ हजार उसने दिले. व्याजाने. व्याजावरून मुळशीपर्यंत घासाघीस झाली. तो पोस्टाच्या दराने म्हणत होता, मी कार्डाच्या. बारा टक्क्यांवर तुटलं. नवरा-बायकोत कसलं आलंय व्याज, असं तुम्हाला वाटेल. माझ्या सासूबाईंनाही वाटलं. मला त्या बारा टक्क्यांत फार समाधान आहे. ते पैसे कुणाचे आहेत याची आठवण ते दर महिन्याला करून देतात, आम्हा दोघांनाही. हे पळवाट आहे का, याचा मी विचार करते. असेल. शाहजादीची मशीदही कुणाला पळवाट वाटली असेल.

महिना पाच हजार तो परत देतो. त्यातले हजार मी बाजूला काढते. मार्चमध्ये आईच्याच एजंट बाईंना घरी बोलावलं आणि माझ्या नावाने नवीन आरडी उघडली. बाईंनी फॉर्म भरला, माझी सही घेतली आणि चहाचा कप खाली ठेवत सवयीने विचारलं, "कशासाठी साठवताय?"

नवरा समोरच बसून पोहे खात होता.

मी म्हटलं, "मनाली."